आफ्टरमार्केट एअर इन्टेक बसवू का? नाशिककर गाडीवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कंपनीचा फिल्टर काढून भारी इन्टेक लावला तर पॉवर किती वाढते?

इन्टेक म्हणजे इंजिनाला हवा पुरवणारा फिल्टर, त्याचा डबा आणि नळ्या. तो बदलून बिगरटर्बो पेट्रोल गाडीत, बाकी काहीही न बदलता, एक ते दोन टक्के. तेही ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला आणि आरपीएम वरच्या पट्टीत असेल तेव्हा. हा आकडा येतो कुठून ते एकदा समजून घ्या, म्हणजे कुणी "पंधरा बीएचपी कुठे गेले नाहीत" असं सांगू लागलं की हिशोब तुम्हालाच मांडता येईल.

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर आहे. इथे हवेचा दाब ९४-९५ किलोपास्कलच्या घरात असतो. समजा, पूर्ण थ्रॉटलला (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर) तुमच्या गाडीचा फिल्टर, डबा आणि नळ्या मिळून २ किलोपास्कल दाब खातात. आता बाजारातला सगळ्यात महागडा इन्टेक आणला आणि हा अडथळा अगदी शून्यावर नेला (तसं कधीच होत नाही), तरी इंजिनात जाणारी हवा दोन टक्क्यांच्या आसपासच वाढणार. ८० बीएचपीच्या हॅचबॅकमध्ये ही वाढ दीड-पावणेदोन बीएचपी होते. एसी बंद केला तर याहून जास्त फरक जाणवतो.

मोठे आकडे खोटेच असतात असं नाही. पण ते बहुतेक वेळा रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरचा प्रोग्राम बदलणं), एक्झॉस्ट आणि इन्टेक असं सगळं एकत्र केलेल्या गाडीचे असतात, आणि जाहिरातीत फोटो मात्र फिल्टरचा असतो.

बाजारात नेमके कोणते प्रकार मिळतात?

सगळ्यात साधा म्हणजे ड्रॉप-इन. कंपनीच्या फिल्टरच्याच मापाचा चौकोनी फिल्टर, कापडी जाळीचा किंवा फोमचा. डबा तोच, नळी तीच, चार क्लिपा उघडायच्या आणि बदलायचा. दुसरा ओपन कोन, ज्याला शॉर्ट रॅमही म्हणतात: डबा काढून टाकायचा आणि छोट्या नळीवर शंकूच्या आकाराचा फिल्टर इंजिन बेमध्येच उघडा बसवायचा. तिसरा खरा कोल्ड एअर इन्टेक. त्यात लांब नळीने फिल्टर बंपरच्या मागे किंवा मडगार्डच्या पोकळीत, म्हणजे इंजिनाच्या उष्णतेपासून दूर नेलेला असतो. चौथा बंद डब्याचा इन्टेक: कोन असतो, पण प्लास्टिक किंवा कार्बन फायबरच्या सीलबंद डब्यात, आणि त्या डब्याला बाहेरची हवा ओढायला स्वतःचं तोंड असतं.

कंपन्यांचं म्हणाल तर के अँड एन (कॅलिफोर्निया, १९६९) आणि इटलीची बीएमसी तेल लावलेल्या कापडी जाळीसाठी ओळखल्या जातात, ब्रिटनची पायपरक्रॉस फोमसाठी, आणि जपानची एचकेएस तिच्या मशरूमच्या आकाराच्या उघड्या फिल्टरसाठी.

आमची पसंती उतरत्या क्रमाने: बंद डबा, ड्रॉप-इन, कोल्ड एअर, आणि मग बरीच जागा सोडून ओपन कोन. का, ते पुढे येईलच.

माझ्या मित्राने ओपन कोन लावला. गाडी खरंच जास्त पळते! मग तुम्ही नाही कसं म्हणता?

आवाज. कंपनीच्या डब्याला जोडून जी बंद पोकळी असते, काही गाड्यांत मडगार्डकडे तोंड करून बसवलेला प्लास्टिकचा डबडा, तो रेझोनेटर. हवा ओढण्याचा घुमणारा आवाज दाबण्यासाठी तो मुद्दाम मापाने बनवलेला असतो. डबा गेला की तोही जातो आणि इंजिनाचा श्वास सरळ केबिनमध्ये ऐकू येतो. कान म्हणतात गाडी पळाली, स्टॉपवॉच म्हणतं तेवढीच.

दुसरी गोष्ट, ज्या दिवशी नवीन फिल्टर बसतो त्या दिवशी जुना निघतो, आणि तो जुना बऱ्याचदा ३०-४० हजार किलोमीटर न बदललेला, मातीने भरलेला असतो. त्या जागी कंपनीचाच नवा कागदी फिल्टर घातला असता तरी पिकअप सुधारलाच असता. तुलना नव्याची नव्याशी करा.

आवाजासाठी इन्टेक लावणं यात काही गैर नाही. हौसेला मोल नाही. फक्त पैसे आवाजाचे देतोय हे ठाऊक असावं.

नाशिकच्या उन्हाळ्यात आणि ट्रॅफिकमध्ये कोणता इन्टेक बरा?

या पानावरचा हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

पॉवर हवेच्या लिटरांवर नाही, वजनावर ठरते. पेट्रोल इंजिनाला एक किलो पेट्रोल नीट जाळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. हवा तापली की पसरते आणि तेवढ्याच जागेत तिचं वजन कमी भरतं. ढोबळ हिशोब असा: दर तीन अंश सेल्सिअसला एक टक्का. म्हणजे ३५ अंशांची बाहेरची हवा घेण्याऐवजी बॉनेटखालची ५५ अंशांची हवा घेतली तर सहा टक्के तोटा. वर फुकटात कमावलेले दोन टक्के वजा केले तरी चार टक्के खिशातून गेले. शिवाय गरम हवेने नॉकिंगचा (मिश्रण आपोआप स्फोटासारखं पेटण्याचा) धोका वाढतो, म्हणून ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. तो तोटा वेगळाच.

विश्वास बसत नसेल तर स्वतः मोजा. हजार रुपयांच्या आत मिळणारा ब्लूटूथ ओबीडी रीडर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावा आणि मोबाइलवर 'इन्टेक एअर टेम्परेचर' उघडून ठेवा. आधी मुंबई-आग्रा महामार्गावर पिंपळगावच्या दिशेने सरळ वेगात जा. आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा थोडाच वर राहतो, इन्टेक कोणताही असो. मग भर दुपारी द्वारका चौकात या आणि सिग्नलला उभे राहा. कंपनीचा डबा असेल तर आकडा हळूहळू चढतो, आणि गाडी सुटली की उतरतो, कारण डब्याचं तोंड रेडिएटरच्या पुढे, ग्रीलजवळ असतं. ओपन कोन असेल तर दोन-तीन मिनिटांत तो बाहेरच्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर गेलेला दिसेल. आणि गाडी सुटताना, म्हणजे जेव्हा ताकद हवी नेमकं तेव्हा, इंजिन ती शिळी गरम हवा गिळत असतं.

कोनभोवती पत्र्याची 'हीट शील्ड' लावून देतात. तिने थोडा उपयोग होतो, पण वरून बॉनेटला रबराने सील नसेल आणि बाहेरून हवेची वाट नसेल तर ती शोभेची.

आमच्याकडे धूळ फार. कागदी, कापडी, फोम: कोणता फिल्टर घ्यावा?

एक लिटर पेट्रोल जाळताना गाडी साधारण दहा हजार लिटर हवा ओढते. ३५ लिटरची टाकी संपेपर्यंत साडेतीन लाख लिटर. ती हवा अंबड-सातपूर एमआयडीसीतली, दिंडोरी रोडला ट्रॅक्टरमागची, की सिंहस्थाच्या कामांसाठी खोदलेल्या रस्त्यावरची, यावर तुमच्या इंजिनाचं आयुष्य ठरतं.

फिल्टरचं काम मुळात धूळ अडवणं. चांगला कागदी फिल्टर ९९ टक्के किंवा त्याहून जास्त धूळ अडवतो. समजा, जास्त हवा सोडणारा एखादा फिल्टर ९७ टक्के अडवतो. ऐकायला दोनच टक्क्यांचा फरक. पण इंजिनात जाणारी धूळ एक टक्क्यावरून तीन टक्क्यांवर गेली, म्हणजे तिप्पट झाली. फिल्टरच्या चाचणीसाठी आयएसओ ५०११ हे मानक आहे. ज्या फिल्टरची कंपनी त्यानुसार काढलेला आकडा द्यायला तयार नाही, तो आम्ही नाशिकच्या गाडीत घालणार नाही.

सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. पाच ते वीस मायक्रॉनचे (माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन) सिलिकाचे कण पिस्टन रिंग आणि बोअरच्या मधल्या ऑइलच्या थरात शिरतात आणि पॉलिश पेपरचं काम करतात. एका दिवसात काही होत नाही. लाखभर किलोमीटरनंतर कॉम्प्रेशन उतरतं, ऑइल पिऊ लागते, आणि दोष इंजिनाच्या मॉडेलला जातो.

घरी करायची तपासणी सोपी आहे. फिल्टर आणि थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेच्या) मधली रबरी नळी सोडवा, पांढरा रुमाल बोटाला गुंडाळून आतून फिरवा. रुमाल थोडा तेलकट निघाला तर हरकत नाही, तो क्रँककेसच्या वाफेचा परिणाम. पण बोटांच्या चिमटीत चोळल्यावर करकर लागली, किंवा नळीत पिठासारखा मातकट थर दिसला, तर फिल्टर गाळत नाही किंवा कडेने हवा मारतोय. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी ठरते. स्वस्तातल्या ड्रॉप-इनची रबरी कड मूळ मापापेक्षा मिलिमीटरभर पातळ असते, किंवा डब्याची एक क्लिप तुटलेली असते, आणि मग फिल्टर कितीही भारी असला तरी हवा बाजूने पळवाट काढते.

फोमबद्दल: बहुपदरी, तेल लावलेला फोम धुळीत चांगला टिकतो, म्हणून ऑफ-रोडवाले आणि रॅलीवाले त्याला मानतात. पण त्यांची गाडी प्रत्येक इव्हेंटनंतर उघडली जाते, फिल्टर धुतला जातो. आपण वर्षातून एकदा सर्व्हिसिंग करणारी माणसं.

ॲव्हरेज वाढतं का?

नाही. पेट्रोल गाडीत रोजच्या चालवण्यात थ्रॉटलची झडप अर्धीअधिक बंदच असते. सगळ्यात मोठा अडथळा तिथे असतो, फिल्टरमध्ये नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम चोंदवून चाचणी घेतली. आधुनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत ॲव्हरेजवर लक्षणीय परिणाम दिसला नाही, पिकअप मात्र कमी झाला. चोंदलेल्या फिल्टरने जे घटत नाही, ते मोकळ्या फिल्टरने वाढणार कुठून? कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांची गोष्ट वेगळी.

माझी गाडी टर्बो पेट्रोल आहे. मला तरी फायदा?

टर्बोमध्ये बूस्ट (हवा किती दाबून भरायची तो दाब) किती द्यायचा हे ईसीयू ठरवतो. इन्टेक मोकळा केला तर टर्बोला तेवढाच बूस्ट जरा कमी कष्टात मिळतो, पण बूस्टची मर्यादा तीच राहते. त्यामुळे पॉवरही जवळपास तीच. ॲक्सिलरेटर सोडल्यावर जादा दाब मोकळा करणाऱ्या व्हॉल्व्हचा 'फुस्स' मात्र स्पष्ट ऐकू येतो, आणि बऱ्याच पोरांना तेवढंच हवं असतं.

खरी वाढ रीमॅपने होते. पहिल्या टप्प्याच्या रीमॅपला बहुतेक गाड्यांत कंपनीचा डबाच पुरतो. त्यापुढे मोठा टर्बो वगैरे करणार असाल तेव्हा इन्टेक हा विषय काढायचा. क्रम उलटा केला तर पैसे जातात.

आणि डिझेल?

डिझेल इंजिन मुळातच गरजेपेक्षा जास्त हवा घेऊन चालतं. ताकद डिझेल किती फवारलं जातं यावर ठरते, आणि ते ईसीयूच्या हातात. इन्टेकने काही मिळत नाही. स्वच्छ फिल्टर ठेवा, पुरे.

सीएनजीवर गाडी मेल्यासारखी चालते. इन्टेकने सुधारेल?

सीएनजी वायूरूपात असल्यामुळे सिलिंडरमधली जवळजवळ दहा टक्के जागा तो स्वतःच अडवतो, तेवढी हवा आत येतच नाही. पेट्रोलपेक्षा पॉवर कमी मिळते ती मुख्यतः यामुळे. फिल्टर हे बदलू शकत नाही. प्लग, कॉइल आणि किटचं ट्यूनिंग तपासून घ्या, तिथे हमखास काहीतरी सापडतं.

कसारा घाट उतरून मुंबईला गेलं की गाडी तरतरीत वाटते. आपल्याकडची हवा कमी पडते का?

हो, हे मनाचे खेळ नाहीत. समुद्रसपाटीच्या तुलनेत नाशिकला हवेचा दाब साधारण सात टक्के कमी आहे, आणि बिगरटर्बो इंजिनाची ताकदही साधारण त्याच प्रमाणात उतरते. टर्बोवाल्यांना हे फारसं जाणवत नाही. फिल्टर बदलून हे सात टक्के भरून निघत नाहीत.

तेलवाल्या फिल्टरने सेन्सर जातो म्हणतात, खरं का?

अर्धं खरं. मॅफ सेन्सरमध्ये एक बारीक तापलेली तार किंवा फिल्म असते, तिच्यावरून वाहणारी हवा तिला किती थंड करते यावरून हवेचं वजन मोजलं जातं. तिच्यावर तेलाचा थर बसला की मोजणी चुकते आणि 'चेक इंजिन'चा दिवा लागतो. पण तेल उडतं ते फिल्टर धुतल्यावर कुणीतरी सढळ हाताने ओतलेलं असतं तेव्हा. कंपनीतून आलेल्या नव्या फिल्टरने हा त्रास सहसा होत नाही. बऱ्याच लहान पेट्रोल गाड्यांत मॅफ नसतोच, मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो, त्यांना ही भीती नाही. डिझेलमध्ये मात्र मॅफ बहुधा असतोच.

मॅफवाल्या गाडीत ओपन कोन लावताना नळीचा व्यास बदलला तर तेल नसतानाही मोजणी बिघडते. हे जास्त घडतं आणि कमी सांगितलं जातं.

तेलवाला कापडी फिल्टर धुवायचा कसा आणि कधी?

त्या कंपनीचंच क्लीनर, आतून बाहेरच्या दिशेने साधं कमी दाबाचं पाणी, सावलीत पूर्ण वाळवणं, मग प्रत्येक घडीवर तेलाची एक बारीक रेघ आणि वीसेक मिनिटं मुरू देणं. कुठे पांढरा डाग राहिला तर तेवढ्याच जागी थेंबभर. पेट्रोलने धुऊ नका, आणि गॅरेजवाल्याला काँप्रेसरने हवा मारू देऊ नका. जाळीची वीण उसवते आणि ते वरून दिसत नाही. कागदी फिल्टरलाही तोच नियम: हवा मारून परत घालण्यापेक्षा बदला, काही शे रुपयांची वस्तू आहे.

के अँड एन साध्या हायवे वापरात ८०,००० किलोमीटरपर्यंत धुण्याची गरज नाही असं सांगते. आपल्या धुळीत तेवढी वाट बघू नका. दर सर्व्हिसिंगला उघडून बघा.

पावसाळ्यात काही धोका?

कोल्ड एअर इन्टेकवाल्यांना आहे. त्यांचा फिल्टर बंपरच्या मागे, रस्त्यापासून फूट-दीड फुटावर असतो. गंगापूर धरणातून विसर्ग सुटून दुतोंड्या मारुतीला पाणी लागलं की गोदाघाटावर कुणी गाडी नेत नाही, पण खरी फजिती जोरदार सरीनंतर अर्ध्या तासात शहरातल्या सखल रस्त्यांवर होते. फिल्टर बुडाला की इंजिन पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, पिस्टन वर येतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. अशी गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारायचा नाही, टो करून न्यायची. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान बहुधा बसत नाही, त्यासाठी 'इंजिन प्रोटेक्ट' वेगळं घ्यावं लागतं. जून ते सप्टेंबर कंपनीचा डबा परत बसवणारे शहाणे लोकही आहेत.

आरटीओ आणि वॉरंटीचं काय?

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळा बदल करायला मनाई करतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) नुसार बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचं कलम १९०(२) वेगळं. मूळ मापाचा ड्रॉप-इन हा सुटा भाग म्हणून खपतो, त्यावरून कुणी अडवल्याचं ऐकिवात नाही. ओपन कोन आणि नवी नळी हा बदल आहे, हे मान्य करून चला.

वॉरंटीत असलेल्या गाडीत इंजिनाची तक्रार निघाली की सर्व्हिस सेंटरची पहिली नजर फिल्टरच्या डब्यावर जाते. नकाराला त्यांना तेवढं कारण पुरतं. वॉरंटी संपेपर्यंत थांबा.

ऑनलाइन हजार रुपयांत तसाच दिसणारा फिल्टर मिळतो. घ्यावा का?

नाही. नामांकित कंपन्यांचे ड्रॉप-इन साधारण चार-पाच हजारांपासून सुरू होतात, त्याच्या पाव किमतीत तोच माल येत नसतो. ड्युप्लिकेट फिल्टर उजेडासमोर धरला की जाळीतून आरपार भोकं दिसतात, रबराला उग्र वास येतो, घड्या वाकड्या असतात. कोनच्या बाबतीत तर क्लॅम्पच्या आतला पत्र्याचा तुकडा सुटून थेट थ्रॉटल बॉडीत जाऊ शकतो.

पाच-सहा हजार खर्च करायचे ठरवलेच आहेत. काय करू?

कंपनीचा नवा कागदी फिल्टर, डब्याच्या क्लिपा आणि रबरी सील नीट करून घेणं, थ्रॉटल बॉडीची सफाई, नवे स्पार्क प्लग, आणि टायरमध्ये बरोबर हवा. गाडीनुसार यातूनही पैसे उरतील. तरीही हात शिवशिवत असतील तर आयएसओ ५०११ चा आकडा देणाऱ्या कंपनीचा ड्रॉप-इन घ्या, तोही अधिकृत विक्रेत्याकडून बिलासकट.

सातपूर-अंबडला ओळखीने ॲल्युमिनिअमची नळी बनवून मिळते. चालेल?

नाशिकला फॅब्रिकेशनचे हात उत्तम आहेत, काम देखणं होतं. तीन गोष्टी आधी सांगून ठेवा. नळीचा आतला व्यास मूळ नळीएवढाच हवा. वेल्डिंगचे आतले मणी घासून साफ हवेत, कारण तिथून सुटलेला कण फिल्टरच्या पलीकडचा आहे, त्याला अडवायला पुढे काही नाही. आणि इंजिन हलतं, बॉडी हलत नाही, म्हणून मध्ये कुठेतरी सिलिकॉनचा लवचिक जोड हवाच, नाहीतर दोन महिन्यांत नळीला तडा किंवा थ्रॉटल बॉडीच्या कॉलरला चीर. ॲल्युमिनिअम प्लास्टिकपेक्षा पटकन तापतं, तेव्हा बॉनेटखाली चकाकणारी नळी हवी की थंड हवा, हेही आधी ठरवा.